पाठसून बघ: जुन्या पद्मिनीचा पत्रा जोडताना समजलेलं वेल्डिंग

एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे दोन तुकडे जोडून मी मला वेल्डिंग शिकवणाऱ्या मेस्त्रींसमोर ठेवले. वरून सांधा छान दिसत होता, एकसारखा, फुगीर आणि चकचकीत. मेस्त्रींनी तो उलटा केला, पाठीवरून बोट फिरवलं, व्हाइसमध्ये धरला आणि पक्कडीने वाकवला. केळीची साल सुटावी तसा सांधा एका बाजूने सुटून आला. खालच्या तुकड्यावर पत्रा वितळल्याची खूणसुद्धा नव्हती. "फुडसून सगळेच बरे दिसतत," मेस्त्री म्हणाले, "पाठसून बघ."

त्याआधीचे दोन महिने मी फक्त मशीन चालवत होतो. वेल्डिंग शिकायला लागलो ते त्या दिवसापासून.

गाडी काकांची, १९८१ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून जी गाडी बनत होती, तिलाच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. काका मुंबईची नोकरी संपवून देवगडला आले तेव्हा ती चालवत आणली. नंतर कित्येक वर्षं ती मांगरात, म्हणजे घराशेजारच्या खोपटात, गवताच्या भाऱ्यांशेजारी उभी राहिली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिचं इंजिन लवकर मार्गी लागलं. पत्र्याने मात्र दोन वर्षं घेतली. तुमच्या खळ्यात अशी एखादी फियाट, अँबॅसेडर किंवा जीप गंजत उभी असेल आणि स्वतः हात घालायची इच्छा असेल, तर या दोन वर्षांत जे कळलं ते तुमच्या उपयोगी पडेल.

सुरुवात गंजापासून करू, कारण वेल्डिंग किती करायचं हे तोच ठरवतो. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, हे शाळेत शिकलेलो असतो. मीठ त्यात दोन कामं करतं. पाण्यातून वीज सहज वाहू लागते, त्यामुळे गंजण्याची क्रिया वेगाने होते. आणि मीठ पत्रा सुकू देत नाही. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, ते सगळ्यांनी बघितलंय. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे एप्रिलच्या भर दुपारी हाताला कोरडा लागणारा पत्रा खाऱ्या थराखाली ओलाच असतो. पाऊस नाही म्हणून गाडी सुरक्षित आहे, हा समज इथे चालत नाही.

शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. दोन पत्रे एकमेकांवर बसवून कारखान्यात वेल्डिंगचे टाके मारलेले असतात, त्या फटीत गंज चढला की तो फुगतो आणि पत्र्यांना आतून ढकलतो. रंगावर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक वेळा संपलेला असतो. म्हणून रंगाकडे बघून काही ठरवू नका. एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि तळ, चाकांवरचे आतले कोपरे, दारांची खालची कड असं सगळीकडे दाबत जा. जिथे तो आत घुसतो तिथपासून चांगला पत्रा लागेपर्यंत कापावं लागतं. दुसरं साधन म्हणजे फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. जाड पुटीवर ते चिकटत नाही. आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावर चुंबक वीतभर जागेत कुठेच धरेना. पूर्वी कुणीतरी तिथे जाळी लावून वर पुटी भरली होती. गंजलेल्या पत्र्यावर नवा तुकडा चढवून वेल्ड करणं हाही तसलाच प्रकार आहे. गंज वितळून धातू होत नाही, तो सांध्यात घाण म्हणून राहतो, आणि झाकलेल्या पोकळीत पाणी अडकतं. अशी गाडी दोन पावसाळे काढते आणि मग तुकड्यासकट पत्रा खाली येतो.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, आणि कापायला बसण्याआधी हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि बॉडी त्यावर बसवलेली असते. पद्मिनीत तळाचा पत्रा, मधला बोगदा, दाराखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा होतो. दाराखालच्या त्या पेट्यांना मी उंबरठा म्हणतो, कारण बसताना-उतरताना आपण तोच ओलांडतो. हे उंबरठे गाडीचा मध्यभाग वाकू देत नाहीत, आणि सगळ्यात आधी गंजतात तेही तेच, कारण रस्त्यावरचा चिखल आणि पाणी त्यांच्या पोटात साचतं. गाडी चार कोपऱ्यांवर उचलून उंबरठा कापला तर मधला भाग खाली बसतो. नंतर नवा उंबरठा कितीही सुरेख बसवा, दार लागत नाही. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी चौकोनी नळ्या आडव्या-तिरक्या टाक्यांनी पक्क्या केल्या. चौकटीची कर्णमापं खडूने खांबावरच लिहून ठेवली. एका वेळी एकच बाजू कापली, आणि नळ्या दाराच्या आड येणार नाहीत अशा बसवून दर टप्प्याला दार लावून फट तपासली. या मापांत माझे आठ दिवस गेले, पण तेच आठ दिवस सगळ्यात उपयोगी ठरले.

आता मशीन कोणतं? आपल्याकडे गेट आणि खिडक्यांची जाळी बनवणारा वेल्डर रॉडने काम करतो. अडीच मिलिमीटरचा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतो. गाडीचा पत्रा असतो एक मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याला ढोबळ हिशोबाने ४० अँपिअर पुरतात. म्हणून रॉडने पत्रा जोडायला गेलं की भोकच पडतं. मुरलेला हात रॉडनेही पत्रा जोडतो, मी बघितलंय, पण शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. जुने डेंटर गॅस वेल्डिंगने, म्हणजे ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीने, अप्रतिम काम करायचे. त्यात उष्णता मात्र फार पसरते आणि पत्रा लाटा मारतो. घरी शिकायला बरं पडतं ते वायर सोडणारं मशीन. त्याला मिग म्हणतात, वर्कशॉपमध्ये बहुतेक सगळे 'सीओटू वेल्डिंग' म्हणतात.

टॉर्चचा, म्हणजे हातात धरायच्या बंदुकीसारख्या टोकाचा, घोडा दाबला की मशीनमधून बारीक वायर सतत पुढे येते. माझी ०.८ मिलिमीटरची आहे, ०.६ ची मिळाली तर पातळ पत्र्याला आणखी बरी. वायर पत्र्याला टेकते, तिच्यातून एकदम जोराचा करंट वाहतो, टोक वितळून थेंब होतं आणि पत्र्यावर बसतं, वायर तुटते, ठिणगीची कमान पेटते, तेवढ्यात मागून नवी वायर येऊन पुन्हा टेकते. हे सगळं एका सेकंदात कितीतरी डझन वेळा, कधी शंभराच्याही वर. म्हणून आवाज चरचरल्यासारखा येतो. सेटिंग जमलं की तापल्या तव्यावर रव्यात घोळवलेली मासळी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चरचराट ऐकू येतो. मशीनला दोन मुख्य बटणं असतात, एक व्होल्टेजचं आणि एक वायरच्या वेगाचं. वायर जास्त वेगाने आली तर ती पत्र्यावर आदळते आणि हाताला धक्के बसतात. व्होल्टेज जास्त झालं तर वायर टॉर्चच्या टोकाशीच वितळून चिकटते. आकड्यांचा तक्ता मशीनच्या झाकणाच्या आत असतो. तिथून सुरुवात करा, मग कानाने जुळवा.

वायरीभोवती नोझलमधून गॅस येतो. त्याचं काम हवेला दूर ठेवणं. वितळलेल्या लोखंडाला हवा लागली की सांध्यात बुडबुडे अडकतात आणि तो स्पंजासारखा सच्छिद्र होतो. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो आणि खोल शिरतो, पण ठिणग्या फार उडवतो. त्यात आर्गॉन मिसळलेला असेल, साधारण ८० भाग आर्गॉन आणि २० भाग कार्बन डायऑक्साइड, तर पातळ पत्र्यावर काम मऊ होतं. मला तो सिलिंडर कोल्हापूरहून आणावा लागला, आणि पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणेन. बिनगॅसची, पोटात फ्लक्स (जळून हवेला अडवणारी पूड) भरलेली वायरही मिळते. वाऱ्यात तिचा मोह होतो, पण ती जास्त तापते, म्हणून गाडीच्या पत्र्यासाठी मी ती बाजूला ठेवली.

आता माझ्या त्या सुटून आलेल्या सांध्याकडे येऊ. वेल्डिंग म्हणजे वितळलेलं लोखंड डिंकासारखं वर ओतणं नव्हे. दोन्ही पत्र्यांच्या कडा स्वतः वितळल्या पाहिजेत, साधारण १५०० अंश सेल्सिअसला, आणि वायरीच्या थेंबासह तिघांचं मिळून एक छोटं डबकं झालं पाहिजे. ते डबकं थिजलं की सांधा. मिग मशीनची खोड अशी की कडा वितळल्या नसल्या तरी वायर वितळतेच. ती वर बसते, गोल दिसते, चकाकते. रॉडने काम बिघडलं तर ते दिसायलाही बिघडलेलंच दिसतं, इथे मात्र बिघडलेलं कामही सुबक दिसतं. मला तर हे या मशीनचं सगळ्यात धोकादायक लक्षण वाटतं, कारण त्या सांध्यावर उद्या कुणीतरी बसून घाट उतरणार असतं.

मेस्त्रींनी मला नजर कुठे ठेवायची ते शिकवलं. नवा माणूस उजेडाकडे, ठिणगीकडे बघतो. बघायचं असतं ठिणगीच्या मागच्या डबक्याकडे. हेल्मेटच्या काचेतून ते नारिंगी, हलतं, ओलसर दिसतं. त्याच्या दोन्ही काठांनी पत्रा पाण्यासारखा भिजतोय की डबकं कडेला नुसतं टेकलंय, हे दोनचार दिवसांत ओळखू येतं. डबकं खाली खचायला लागलं की आता भोक पडणार, घोडा सोडायचा. आणि सांधा थंड झाला की उलटवून बघायचं. पाठीवर अखंड, बारीक उंचवटा दिसला तर वितळ आरपार गेली. पाठ कोरी असेल आणि फक्त निळसर डाग असेल, तर तो सांधा खोटा. दर नव्या दिवशी गाडीला हात लावण्याआधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर एक सांधा करायचा, व्हाइसमध्ये धरून तुटेपर्यंत वाकवायचा. तुटताना पत्रा फाटला आणि सांधा टिकला, तर गाडीकडे जायचं. मी असे शंभराहून जास्त तुकडे मोडले.

वितळ जमली की पुढची अडचण पत्रा वाकण्याची. एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं. सांध्याजवळचा पत्रा तर हजाराच्या वर तापतो. त्याला पसरायचं असतं, पण आजूबाजूचा थंड पत्रा जागा देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. थंड होताना आखडतो आणि शेजाऱ्यांना स्वतःकडे ओढतो. सपाट दारावर सलग चार बोटं वेल्डिंग केलंत तर थंड झाल्यावर तिथे खळगा किंवा फुगा येणारच.

यावर उपाय गोधडीचा. आजी गोधडी घालताना आधी चार कोपऱ्यांना, मग मध्ये, मग मधल्याच्या मध्ये लांब टाके घालून थर धरून ठेवायची. बारीक शिवण नंतर. पत्र्यालाही टाकेच घालायचे. एक टाका एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मध्ये. प्रत्येक टाका म्हणजे जेमतेम एका सेकंदाचं काम. पुढचा टाका आधीच्यापासून जितका लांब तितका बरा, आणि हात लावता येईल इतका थंड झाल्याशिवाय शेजारी दुसरा घालायचा नाही. असं करत करत टाके एकमेकांना भिडतात. वीतभर सांध्याला तासभर लागतो. मध्येमध्ये हातोडा आणि मागे डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरून टाक्यांवर हलके ठोके द्यायचे, म्हणजे आखडलेला पत्रा थोडा सैल होतो. ओल्या फडक्याने घाईने गार करायची सवय काही जण लावून घेतात, मी ती सोडली.

हे सगळं जमण्यासाठी तुकडा नीट बसावा लागतो. कडेला कडा, मध्ये जेमतेम वायरीएवढी फट. फट मोठी झाली की तुम्ही हवेत वेल्डिंग करायला लागता. पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, तो पत्र्यावर उतरवायचा, घासत घासत बसवायचा. दोन्ही बाजूंनी बोटभर पत्रा चकचकीत होईपर्यंत रंग, गंज, डांबर काढायचं. मी मोजलं नाही, पण तळाच्या एका तुकड्याला सकाळ गेली तर त्यात प्रत्यक्ष ठिणगी पेटलेला वेळ पाच मिनिटांचाही नव्हता.

पत्रा सीआर घ्या, म्हणजे कोल्ड रोल्ड. छपराचा जीआय पत्रा हाताशी असतो म्हणून वापरू नका. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी. त्याच्या वाफेने सांध्यात भोकं राहतात आणि तो पांढरा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. दूध प्यायलं की उतरतं असं म्हणतात. त्यावर विसंबू नका, धूर टाळा.

कारखान्यातले गोल टाके काढून पत्रा वेगळा केला असेल, तर परत बसवताना वरच्या पत्र्याला सहा ते आठ मिलिमीटरची भोकं पाडा, खालच्यावर घट्ट दाबून धरा आणि भोकाच्या मधोमध खालच्या पत्र्यापासून सुरू करून भोक भरा. मूळ टाके जितके होते तितकेच, कमी नाहीत.

किनाऱ्यावरची खास अडचण वारा. दुपारी खारा वारा सुटला की नोझलमधला गॅस उडून जातो आणि सांध्यावर मुंग्यांच्या वारुळासारखी छिद्रं दिसतात. मी आधी मशीनला दोष दिला, मग लक्षात आलं की सकाळचे सांधे चांगले होते. तेव्हापासून वेल्डिंग सकाळी आणि कापणं-घासणं दुपारी. गॅस मिनिटाला दहा-बारा लिटर पुरतो, वारा आहे म्हणून वीस केला तर तो स्वतःच घुसळतो आणि हवा आत ओढतो. दुसरी अडचण विजेची. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सकाळी जुळवलेलं सेटिंग निकामी होतं. मशीनसाठी पॅनेलपासून स्वतंत्र जाड वायर ओढून घ्या, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं, त्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

मांगरात काम करताना सगळ्यात मोठी भीती आगीची. झापं, गवत, शेणी, सगळं पेटणारं. ठिणगी पाचसहा हात उडते आणि गवतात तासभर धुमसू शकते. मी आधी मांगर रिकामा केला, गाडीची पेट्रोलची टाकी काढून लांब नेली, सीट आणि खालचं डांबरी अस्तर काढलं, बॅटरी सोडवली. रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, तिला वेल्डिंग करायला घरी कधीच घेऊ नका. पाण्याची बादली, ओली वाळू आणि एक माणूस सतत जवळ. काम थांबल्यावरही अर्धा-पाऊण तास तिथून हलायचं नाही. कपडे सुतीच, टेरिलीन वितळून कातडीला चिकटतं. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतात. त्याने पुसलेला भाग वेल्डिंगजवळ आला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो, म्हणून पत्रा पुसायला ते वापरू नका. बंद खड्ड्यात उतरून काम करू नका, वेल्डिंगचा गॅस हवेपेक्षा जड आहे आणि तळाशी साचतो.

आणि डोळे. काचेशिवाय एकदा जरी ठिणगीकडे बघितलं तरी त्या वेळी काही होत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत रेती भरल्यासारखं वाटून माणूस उठतो. आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्या, १० किंवा ११ नंबरच्या शेडवर ठेवा. शेजारी उभ्या राहणाऱ्या पोरांनाही लांब ठेवा. बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवण्याचा प्रघात आहे, त्यापेक्षा नेत्रतज्ज्ञांकडे जा.

उघडा, घासलेला सांधा आमच्याकडे रात्रभरात तांबूस होतो. म्हणून त्याच दिवशी जस्ताचा प्रायमर, सांध्यांवर सीलर, आणि रंग झाल्यावर उंबरठ्याच्या पोटात नळीने मेणाचं तेल. पाणी निचरायची खालची भोकं मात्र उघडी ठेवायची, आधीच्या माणसाने तीच बुजवली होती.

जवळ आयटीआय असेल तर तिथे वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तेवढा वेळ नसेल तर बंदरावर, ट्रॉलरच्या कामावर, कुणी शिकवणारा मिळतो. मेस्त्रींनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, दर रविवारी येऊन फक्त तुकडे उलटे करून बघायचे.

तळाचा शेवटचा तुकडा बसला त्या संध्याकाळी ते म्हणाले, "आता काळोख पडांदे." अंधार पडल्यावर आम्ही गाडीखाली दिवा सोडला, मांगराचा दरवाजा ओढून घेतला आणि मी सीटच्या जागी उकिडवा बसलो. खालून उजेड आला की छिद्रं वरून दिसतात, दिवसा कितीही शोधली तरी सापडत नाहीत. सात ठिकाणी उजेड दिसला. खडूने सात गोल केले आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटायच्या आत ते भरले.